आतला माणूस कोण?

“सर, लेकीनं काही चोरी केली का?”

मागच्या रविवारी सकाळी दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं. हातात नेट कॅफेतून काढलेली चार पानं. आत या म्हटलं तरी येईनात. झरीकडचे शेतकरी, सोयाबीन, कापूस आणि थोडी तूर. थोरली लेक परभणीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, पुण्याला गेली, आता शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. तिनं फोनवर बापाचा पॅन नंबर मागितला आणि सहज सांगितलं, “बाबा, कंपनीनं मला इनसायडरच्या यादीत घातलंय.” गावातल्या एका पोरानं तो शब्द मोबाइलवर शोधून दिला. उत्तर आलं, भेदिया.

बापाला रात्रभर झोप नाही.

तेव्हा आधी हा शब्दच बाजूला काढतो. इनसायडर ट्रेडिंगला मराठी वर्तमानपत्रं भेदिया व्यवहार म्हणतात. मथळ्यात शब्द चांगला बसतो, पण त्यात निकाल आधीच लागलेला असतो. घरभेद्या म्हणजे फितूर. कायद्यातला इनसायडर फितूर नसतो. तो नुसता आतला माणूस असतो, अजून चारचौघांत न आलेली बातमी ज्याच्या हाताशी आहे असा. आत असणं हा गुन्हा नाही. आतलं कळलेलं असताना ज्याला ते कळलेलं नाही त्याच्याशी शेअरचा सौदा करणं, किंवा कामाचं कारण नसताना ते बाहेर सांगणं, हा गुन्हा. मी त्यांना म्हटलं, तिच्या हाती तिजोरीची किल्ली दिलीय, म्हणून तिचं नाव लिहून घेतलंय. मग ते आत आले, बसले.

हे सगळं ज्या नियमावलीतून आलं, ती सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची. १५ जानेवारी २०१५ ला निघाली, त्याच वर्षी १५ मेपासून लागू झाली. त्याआधीची १९९२ ची होती. नव्या नियमावलीत आतला माणूस ठरण्याची दोन दारं आहेत. पहिलं नात्याचं. संचालक, अधिकारी, नोकरदार हे तर आलेच. पण कंपनीशी करार असलेला, धंद्यानिमित्त जोडलेला, कायमचा असो की चार दिवसांचा, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांशी ज्याचं वरचेवर बोलणं होतं असा माणूससुद्धा, जर त्यातून त्याला बातमी कळू शकत असेल तर. संबंध आज तुटला असला तरी मागचे सहा महिने धरतात. दुसरं दार ताब्याचं. बातमी ज्याच्याजवळ आहे किंवा तिच्यापर्यंत ज्याचा हात पोचतो, तो आतला. त्याची खुर्ची कुठली, पगार किती, हे तिथं कोणी विचारत नाही.

या दुसऱ्या दारासाठी मला हा कायदा मनापासून आवडतो. आपल्याकडे माणूस मोठा की लहान हे आधी पाहतात आणि मग जबाबदारी कुणाची ते ठरवतात. इथं उलटं आहे. आधी विचारतात, तुला काय माहीत होतं? तिमाहीचा ताळेबंद टाइप करणारी मुलगी आणि त्यावर सही करणारा अध्यक्ष, दोघं एका ओळीत उभे.

आता कराराकडे या. नेमणूकपत्र, सल्लागाराचा करार, गोपनीयतेचा कागद, नोकरांना शेअर देण्याची योजना, सगळ्यांच्या सुरुवातीला व्याख्यांचं पान असतं. तिथं इनसायडर या शब्दासमोर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं, की या शब्दाचा अर्थ सेबीच्या नियमावलीत दिलाय तोच. शब्द इथं, अर्थ परगावी. सही करणाऱ्याच्या हातात ती नियमावली नसते, आणि असली तरी इंग्रजीत असते. वकील असं का लिहितात हे मला कळतं. नियम बदलला की करार आपोआप बदलतो, पुन्हा सह्या घ्याव्या लागत नाहीत. सोय वकिलाची झाली. बांधली गेली ती बावीस वर्षांची मुलगी, आणि तेही पुढच्या वर्षी बदलणाऱ्या एका व्याख्येला.

बदलते म्हणजे खरंच बदलते. कुठली बातमी भाव हलवणारी मानायची, त्याची यादी १० जून २०२५ पासून लांबली. निकाल, लाभांश, विलीनीकरण हे आधीपासून होतंच. आता नेहमीच्या कामाबाहेरचं मोठं कंत्राट मिळणं किंवा हातचं जाणं, पतमानांकनातला बदल, अफरातफर, मोठ्या अधिकाऱ्याची अटक, कर्जाची एकरकमी तडजोड, हेही त्यात आलं. ज्या मुलीनं २०२४ मध्ये सही केली, तिची जबाबदारी २०२५ मध्ये वाढली. सही तीच.

काही करार याहून वेगळे असतात. ते व्याख्या आपल्या शब्दांत लिहितात आणि लिहिताना ती आवळतात. इनसायडर म्हणजे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी, एवढंच. ही सवय अमेरिकी नमुन्यांतून आलेली दिसते. तिथल्या १९३४ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये संचालक, अधिकारी आणि दहा टक्क्यांहून जास्त शेअर धरणारा, एवढ्यांनाच आपल्या सौद्यांची माहिती सरकारला द्यावी लागते. तो मुख्यतः माहिती देण्याचा नियम आहे. फसवणुकीचा नियम तिथं वेगळा आणि पुष्कळ रुंद. आपल्याकडे करारात काहीही आवळून लिहा, सेबीची व्याख्या तसूभर आकसत नाही. करार कायद्यापेक्षा कडक होऊ शकतो, ढिला होऊ शकत नाही. तेव्हा ‘माझ्या करारात माझं पद नाही, मी मोकळा’ असं कुणा कारकुनाला वाटत असेल, तर ते त्यानं आजच डोक्यातून काढावं.

खुर्चीवरून माणूस मोजला की काय होतं, हे अमेरिकेनंच १९८० मध्ये पाहिलं. न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात व्हिन्सेंट किअरेला नावाचा कामगार होता. एक कंपनी दुसरी विकत घेणार असल्याचे कागद त्याच्या हाताखालून जात. नावांच्या जागा कोऱ्या ठेवलेल्या असत. यानं बाकीच्या मजकुरावरून नावं ओळखली, शेअर घेतले आणि तीस हजार डॉलरच्या वर कमावले. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयात तो सुटला. कारण काय, तर ज्यांचे शेअर त्यानं घेतले त्यांच्याशी त्याचं काही नातं नव्हतं, म्हणून त्यांना सांगण्याचं बंधनही नव्हतं. पुढं १९९७ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात, विश्वासानं मिळालेली माहिती चोरून वापरणं हाही गुन्हाच, असं धरलं. आपल्या व्याख्येत किअरेला पहिल्या दिवशीच सापडला असता. दुसऱ्या दारातून.

मुंबईचा एक खटला मात्र अजून सलतो. हिंदुस्थान लिव्हर आणि ब्रुक बाँड लिप्टन, दोन्ही युनिलिव्हरच्या घरच्या. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरनं ब्रुक बाँड लिप्टनचे ८ लाख शेअर युनिट ट्रस्टकडून घेतले. एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्या एक होणार हे जाहीर झालं. विकणारा युनिट ट्रस्ट, म्हणजे देशभरच्या मास्तरांचे, कारकुनांचे, पेन्शनरांचे पैसे. आमच्या पिढीत कितीतरी घरांतल्या ट्रंकेत युनिटचं सर्टिफिकेट असायचं. मार्च १९९८ मध्ये सेबीनं हिंदुस्थान लिव्हरला आतला ठरवलं आणि युनिट ट्रस्टला ३ कोटींच्या वर भरपाई द्यायला सांगितलं. कंपनीचा बचाव असा, की आमचीच योजना, आमचीच बातमी, मग आम्ही आतले कसे? हा बचाव टिकला नाही. पण त्याच वर्षी अर्थ खात्यातल्या अपिलात सेबीचा हुकूम फिरला. विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत आधीच चालू होती, तेव्हा बातमी गुप्त राहिलीच नव्हती, असं कारण दिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. चर्चा वाचणारा अंदाज बांधतो. ठरवणारा जाणतो. या दोघांत सौदा झाला तर तो बरोबरीचा कसा?

करार हीच जेव्हा आतली बातमी असते, त्याचंही उदाहरण मुंबईचंच. गॅमन इन्फ्रास्ट्रक्चरनं दुसऱ्या एका कंपनीबरोबर रस्त्यांच्या कामांबद्दल केलेले दोन करार ऑगस्ट २०१३ मध्ये मोडायचं ठरवलं. ते बाजाराला कळण्याआधी कंपनीचे अध्यक्ष अभिजित राजन यांनी आपले शेअर विकले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दोषी धरलं नाही. करार मोडणं कंपनीच्या फायद्याचं होतं, म्हणजे भाव वाढायची बातमी. ती हातात असताना विकणारा स्वतःचं नुकसान करतो, आणि पैसा समूहाच्या कर्जाच्या गरजेसाठी उभा करायचा होता, असं न्यायालय म्हणालं. निकाल नीट वाचण्यासारखा आहे. माझं म्हणणं एवढंच, की अध्यक्षाचा हेतू जितक्या सबुरीनं तपासला, तितक्याच सबुरीनं पुण्यातल्या कारकुनाचाही तपासला जावा.

आता त्या चार पानांकडे, म्हणजे लेकीला भरायच्या फॉर्मकडे. खरी गंमत, म्हणजे खरी गंभीर गोष्ट, तिथं आहे.

कंपनी ज्यांच्या हाती बातमी पडते त्यांची यादी करते. त्यांना डेझिग्नेटेड पर्सन म्हणतात. त्यांनी आपल्यावर अवलंबून असलेल्या किंवा शेअरच्या व्यवहारात आपला सल्ला घेणाऱ्या जवळच्या नातलगांची नावं, पॅन, मोबाइल द्यायचे. वर्षातून एकदा, आणि बदल झाला की पुन्हा. शिवाय ज्याच्याशी मोठा आर्थिक संबंध आहे त्याचंही नाव. मोठा म्हणजे किती? मागच्या बारा महिन्यांत आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या पाव हिश्शाइतकी रक्कम ज्याला कर्ज किंवा भेट म्हणून दिली, तो.

मी त्यांना विचारलं, लेकीनं यंदा किती पाठवले? त्यांनी बोटं मोजली. बोअरचे, धाकट्याच्या फीचे, बियाण्याचे. पाव हिस्सा कधीच ओलांडला होता.

थांबा इथं जरा. मुंबईत बसून हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणी तरी दलाल असेल, कुणी बेनामी पैसा फिरवणारा असेल. बरोबरच आहे, तशांसाठी नियम हवाच. पण मराठवाड्यातून पुण्याला गेलेलं प्रत्येक लेकरू पगारातून घरी पैसे पाठवतं, आणि त्यामुळं झरीच्या शिवारातला बाप कंपनीच्या कागदावर येतो. यात वाईट काही नाही. वाईट हे, की त्याला ते कुणी सांगत नाही. आणि त्याच्याच मोबाइलवर, मागच्या वर्षी कुणाच्या तरी आग्रहानं उघडलेलं डिमॅट खातं आहे.

“मंग लेकीच्या कंपनीचे शेअर घेऊ नये का? लेक कामाला हाय, कंपनी चांगलीच असंल की.”

याच भोळेपणातून घर अडचणीत येतं. मी सरळ सांगितलं, घेऊ नका. तिमाही संपली की यादीतल्या माणसांसाठी कंपनीच्या शेअरचा सौदा बंद होतो. निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडतो. त्या काळात यादीतल्या माणसानं घ्यायचं नाही, विकायचं नाही, आणि त्याच्या जवळच्या नातलगांनाही हाच नियम. एरवीसुद्धा ठरावीक रकमेच्या वर सौदा असेल तर आधी परवानगी घ्यायची. घेतले तर सहा महिन्यांत उलटे विकायचे नाहीत. चुकलात तर नोटीस पुण्याला लेकीच्या टेबलावर येईल. सेबी कायद्याच्या कलम १५जी मध्ये आतल्या माहितीवर केलेल्या सौद्याला दंड किमान १० लाख आहे. वरची मर्यादा २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते. किमान दहा लाख. यांच्या पाच एकरांत किती हंगाम लागतील?

त्यांनी आवंढा गिळला. पण हे त्यांना सांगायचं काम कंपनीचं होतं, शेजारच्या रिटायर मास्तराचं नाही.

नात्याची यादी तर वाचण्यासारखी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं नियम बदलला आणि जोडलेल्या माणसाचे नातलग कोण, ते नव्यानं लिहिलं. नवरा-बायको. आईबाप, सासू-सासरे. भाऊ-बहीण, दीर-नणंद, मेहुणा-मेहुणी. मुलं. मग भावांचे-बहिणींचे आणि मुलांचे जोडीदार, म्हणजे भावजय, दाजी, सून, जावई. आणि जोडीदाराच्या भावंडांचेही जोडीदार, म्हणजे साडू आणि जाऊ. इंग्रजीत ज्या नात्यांना धड शब्द नाही, ती साडू आणि जाऊ भारताच्या रोखे कायद्यात आली. हे मराठीत लिहिलं असतं तर अर्ध्या ओळीत समजलं असतं. शिवाय एका घरात, एका खोलीत राहणारा. पुण्यात चार पोरी मिळून फ्लॅट घेतात, त्यातली एक यादीत असली की बाकी तिघी जोडलेल्या माणसांत धरल्या जाऊ शकतात. ‘आमचा संबंध नाही’ हे दाखवायची सोय आहे, पण ते दाखवायचं ओझं त्यांच्यावर.

आणि बाहेर कोण राहिलं? काका. मामा. चुलत, मावस, मामे, आते भावंडं. नात्याच्या दारातून ते येत नाहीत. बातमी त्यांच्याजवळ सापडली तरच दुसऱ्या दारातून येतात. मी अख्खा जन्म परभणीत काढलाय. आमच्याकडे घरातली बातमी नवऱ्याआधी मामाला कळते.

नात्यावरून चोर ठरवू नका, हेही न्यायालयानं बजावलेलं आहे. पीसी ज्वेलरच्या बलराम गर्ग यांच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पुतण्या आणि त्याची बायको आहेत एवढ्यावरून बातमी दिली-घेतली असं धरता येणार नाही, पुरावा लागेल. त्या घरात वाटण्या आधीच झाल्या होत्या. एका वाड्यात दोन चुली म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा निकाल लगेच कळतो. मला तो योग्य वाटतो. यादी असावी. यादी म्हणजे आरोप नव्हे.

फॉर्ममध्ये अजून एक रकाना होता, पदवी कुठल्या कॉलेजातून घेतली? आधी नोकरी कुठं केली? कॉलेजातल्या ओळखी पुढं बातमीची वाट होतात, म्हणून एकदा तेही विचारून ठेवतात. आमच्या परभणीच्या कॉलेजाचं नाव त्या कंपनीच्या दप्तरात गेलं. शिवाय अशी बातमी ज्याला ज्याला कामासाठी सांगितली, त्याचं नाव, पॅन, कुठली बातमी, किती वाजता, हे सगळं संगणकात उतरवून ठेवावं लागतं. नंतर खाडाखोड करता येत नाही. ते काम बाहेरच्याला देता येत नाही. आठ वर्षं जपायचं.

हे मी वाचून दाखवत होतो आणि ते एकदम ताठ बसले.

“सर, तेलाची ड्युटी कमी करतेत ना, ते लोकं बी असा फॉर्म भरतेत का?”

या एका प्रश्नासाठी मी हे सदर लिहायला बसलो.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, शेतकऱ्याला वाटलं आता भाव सुधारेल. ३० मे २०२५, पुन्हा शुक्रवार. तेच शुल्क २० वरून १० वर आलं. पेरणीच्या तोंडावर. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. वेचणी आमची, मानवतच्या बाजारात गाड्या आमच्या, आणि बातमी आम्हाला टीव्हीवर. त्या फायली निघण्याआधी किती टेबलांवरून फिरल्या? कुणाकुणाला माहीत होतं? मी कुणावर आरोप करत नाही. मी वहीबद्दल विचारतोय. पुण्यातल्या मुलीच्या बापाचा पॅन ज्या वहीत जातो, तशी वही या फायलींची आहे का, आणि असेल तर ती आम्हाला दाखवता येईल का?

सेबीच्या व्याख्येचा इथं उपयोग होत नाही. ती विणलीय कंपनीभोवती. कंपनी, तिचे शेअर, तिची बातमी. सोयाबीनला कंपनी नसते, कापसाला संचालक मंडळ नसतं. वायदे बाजाराची देखरेख सप्टेंबर २०१५ पासून सेबीकडे आली खरी, पण सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनंच थांबवले आणि बंदीला मुदतवाढ मिळत गेली. म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत भाव कुठं जाईल, याचा उघडा आकडा शेतकऱ्याला दिसत होता तोही गेला. आधी ज्याला कळतं, त्याचं बळ त्यामुळं वाढलं. ज्याला उशिरा कळतं, तो आणखी अंधारात.

आमच्या मोंढ्याला ही गोष्ट नवी नाही. जुने लोक रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टी सांगतात. अडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे, आत बोटं दाबून भाव ठरायचा. माल ज्याचा, तो शेतकरी दोन हातांवर उभा, आणि त्याच्या मालाचा भाव त्यालाच दिसत नसे. आतले दोघं, बाहेरचा एक. कायद्यानं उघडा लिलाव आणला, रुमाल काढला. १९६३ च्या बाजार समिती कायद्यामागं हीच तळमळ होती. शेअर बाजारातला इनसायडरचा नियम म्हणजे तोच रुमाल ओढणं. म्हणून मोंढ्यात वाढलेल्या माणसाला हा कायदा समजावून सांगायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सांगणारा पाहिजे.

सरकारी फायलींचा रुमाल ओढता येतो. अमेरिकेनं तो ओढलाय. १९८३ मध्ये ‘ट्रेडिंग प्लेसेस’ नावाचा सिनेमा आला होता, त्यात संत्र्याच्या पिकाचा सरकारी अहवाल चोरून वायद्यात पैसे कमवायचा डाव असतो. एडी मर्फी त्यात होता. गंमत म्हणजे तसं करणं तेव्हाच्या वायदे कायद्यात धड गुन्हा ठरत नव्हतं. २०१० मध्ये कायदा केला, सरकारातली न फुटलेली माहिती चोरून शेतमालाच्या वायद्यात वापरायची नाही. लोक त्याला एडी मर्फी नियमच म्हणतात. २०१२ मध्ये तिथल्या खासदारांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही आतल्या माहितीच्या नियमात स्पष्टपणे आणलं. सिनेमा बघून कायदा सुचला तरी चालेल, सुचायला पाहिजे.

जमिनीचं काय, ते वेगळं सांगायला नको. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातोय, शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही परभणीचं नाव आहे. आखणीची रेघ कागदावर पडते तेव्हा ती किती जणांना दिसते? ज्याला आधी दिसली तो शेजारच्या गटात जमीन घेऊ शकतो, आणि विकणाऱ्या कास्तकाराला वर्षभरानं कळतं की आपण काय विकलं. हा सौदा आणि युनिट ट्रस्टचा तो सौदा, यात मला काडीचा फरक दिसत नाही. एकाला व्याख्या आहे, एकाला नाही.

माझी मागणी साधी आहे. आयात-निर्यात शुल्क, साठ्याच्या मर्यादा, रस्त्यांची आखणी, या फायली ज्यांच्या हाताखालून जातात, मंत्र्यापासून नकाशा काढणाऱ्या सल्लागार कंपनीच्या पोरापर्यंत, त्या सगळ्यांची नावं, पॅन, तारीख, वेळ एका वहीत यावी. जवळच्या नातलगांसकट. साडू-जावांसकट. निर्णय जाहीर होईपर्यंत त्यांनी त्या मालात, त्या जमिनीत, त्या धंद्याच्या शेअरमध्ये हात घालू नये. आठ वर्षं वही जपावी. एका खाजगी कंपनीला जे जमतं, ते दिल्लीला आणि मंत्रालयाला न जमण्यासारखं काय आहे?

कंपन्यांकडेही मागणं आहे. करारात व्याख्या दुसरीकडे दाखवून मोकळे होऊ नका. एक पान द्या, मराठीत. आतला कोण, आतली बातमी कुठली, कधी सौदा करायचा नाही, घरच्यांनी काय पाळायचं, नियम बदलला तर नवं पान. सही त्या पानावर घ्या. बाकी चाळीस पानं वकिलासाठी ठेवा.

त्यांनी अडत पट्टीच्या मागच्या बाजूला माझ्याकडून लिहून घेतलं, तिमाही संपली की बंद, निकालानंतर ४८ तास. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘लेकीची कंपनी, घेणे नाही’. मग तिथूनच फोन लावला.

“पॅन पाठवतो बाई. सरांनी समदं सांगितलं. तू काळजी करू नको, मी कुणाला काय बोलत नसतो.” थोडा वेळ तिकडचं ऐकलं, फॉर्म उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “पर ह्याच्यात तुज्या मामाचं नाव कामून नाही?”